सनईची जिव्हाळी



माडाच्या पातीची पिपाणी केली नाही असे मूल आपल्या किनाऱ्यावर सापडायचे नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही वाडीत जा. झावळीची एक पात घ्यायची, तिचा हीर काढून टाकायचा, पात तिरकी गुंडाळीत वर अरुंद आणि खाली रुंद असा कर्णा करायचा, तो उलगडू नये म्हणून त्याच हिराची काडी टोचायची, आणि अरुंद तोंडात पातीचा दुमडलेला तुकडा चेपून बसवायचा. फुंकले की पीं! आई ओरडते, कुत्रे भुंकते आणि पोर खूश होते. पण त्या पोराला एक गोष्ट कोणी न शिकवता कळलेली असते. फार कोवळी पात घेतली तर ती ओठांत चिकटून बसते आणि मुकी राहते. वाळकी घेतली तर चिरते. मधलीच हवी, आणि ती कोणती हे झाडावर बघून सांगता येत नाही, बोटांनी चेपूनच कळते.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती या पिपाणीचीच थोरली बहीण. सनईच्या तोंडाशी बसवलेली, बोटाच्या पेराएवढी पत्ती. आपण तिला जिव्हाळी म्हणतो. जिव्हा म्हणजे जीभ, तेव्हा नाव अगदी चपखल आहे. सनई शिसवीची आहे की आणखी कसल्या लाकडाची, खालचा पितळी पेला कोणी घडवला, हे लोक कौतुकाने विचारतात. जिव्हाळीबद्दल कोणी विचारीत नाही. आणि सनई बोलते ती मात्र तिच्यामुळेच. नळा लाख मोलाचा असो, जिव्हाळी वाईट असली तर वाजवणाऱ्याची फजिती ठरलेली.

वर्गात हे दाखवायचे असेल तर शिक्षकबंधूंना एक सोपी युक्ती सांगतो. सरबत प्यायची कागदी नळी घ्या. तिचे एक टोक चेपून चपटे करा आणि त्याचे दोन्ही कोपरे कात्रीने तिरके उडवा, म्हणजे दोन ओठ तयार होतील. ते तोंडात धरून जोराने फुंका. दोन-चार वेळा नुसती हवा जाईल, मग एकदम आवाज फुटेल. आता वाजवता वाजवताच दुसऱ्याला खालचे टोक थोडे थोडे कापायला सांगा, आवाज चढत जाईल. मुले हसतील, पण सगळे शास्त्र यातच आले. फुंकरीने दोन ओठ मिटतात, आपल्या लवचिकपणाने ते पुन्हा उघडतात, आणि किती वेळा उघडमीट करायची हे मुख्यतः नळीची लांबी ठरवते. काळी एक या पट्टीतल्या षड्जाला ही उघडमीट सेकंदाला सुमारे पावणेतीनशे वेळा व्हावी लागते. वाजवणाऱ्याने बोटे उचलली, नळी जणू आखूड झाली, की पत्तीने ताबडतोब नवा वेग धरला पाहिजे. ताठर पत्ती हट्ट करते आणि मऊ पत्ती ढेपाळते. हुकूम ऐकणारी पत्ती हवी.

ही पत्ती होते कशाची? खेड्यांतल्या कित्येक वाद्यांना ताडाच्या पानाची पत्ती असते. पण मैफलीच्या सनईला लागतो तो नळासारख्या पोकळ गवताचा तुकडा. उत्तरेत त्याला नरकट म्हणतात. बिहारमधले डुमराव हे बिस्मिल्ला खाँसाहेबांचे जन्मगाव. तिथे 1916 साली ते जन्मले, आणि त्याच भागात सोन नदीच्या काठी हे नरकट होते. दक्षिणेत कावेरीकाठचे नादस्वरवाले आपल्या पत्तीला शीवाळी म्हणतात. जिव्हाळी आणि शीवाळी हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा, मधले शेकडो मैल कुठल्या कुठे जातात.

आणि समुद्रापलीकडेही तेच. मांडव्याहून लाँचने समोर मुंबईला गेलात, तर तिथे 2006 साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे. अशा वाद्यवृंदात ओबो नावाचे सनईच्या कुळातले वाद्य असते, आणि त्याचा खर्जातला दादा बसून. नाव बसून असले तरी नळी उभी धरतात, आणि ती दुमडलेली असते म्हणून, नाही तर आठ फूट लांब भरेल. या दोन्ही वाद्यांची पत्ती नळाच्याच जातीच्या गवताची. त्यातला नावाजलेला माल फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वार प्रांतातून येतो. ओबोला दहा-अकरा मिलिमीटर जाडीचा नळ लागतो, बसूनला चोवीस-पंचवीसचा. हिवाळ्यात तोड करतात, तीही निदान दुसऱ्या वर्षाच्या नळाची, आणि मग दोन-दोन वर्षे तो वाळवत, मुरवत ठेवतात. आपण सागाची फळी नाही का मुरवत ठेवत, तसेच.

त्यांच्या आणि आपल्या पत्तीत एक मोठा फरक आहे. ते नळ उभा चिरतात, आतून तासून ओबोसाठी जेमतेम सहा दशांश मिलिमीटर जाडीचा ठेवतात, मधोमध दुमडून बांधतात, घडीचे टोक कापतात आणि मग चाकूने खरवडत बसतात. ओबो वाजवणाऱ्याचे अर्धे आयुष्य चाकू परजण्यात जाते असे थट्टेने म्हणतात. आपल्याकडे नळाची अख्खी पोकळ नळीच भिजवून एका टोकाला चपटी करतात आणि दुसरे टोक पितळी नळीवर दोऱ्याने आवळतात. म्हणजे आपल्या पत्तीत चाकूला वाव थोडा. त्यांना वाईट नळातूनही खरवडून काही साधता येते. आपल्याला मुळातच चांगला नळ निवडावा लागतो. निवड चुकली की पुढे दुरुस्ती जवळजवळ नाहीच.

ही गोष्ट मला कशी कळली ते सांगतो. मी चौल-रेवदंड्याकडचा. लहानपणी आमच्या अण्णांच्या मागे बसून सूर धरायचो. सूर धरणे म्हणजे मुख्य सनई वाजत असताना दुसऱ्या सनईवर एकच षड्ज अखंड चालू ठेवणे. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा, आणि सूर तुटू द्यायचा नाही. 1971 सालचा मे महिना. तेव्हा आपला जिल्हा कुलाबाच होता, रायगड हे नाव 1981 साली आले. शिरूरकडच्या एका लग्नाची सुपारी आली होती. जिव्हाळ्या नव्या आणायच्या होत्या. एका विक्रेत्याकडून डझनभर मागवल्या आणि त्यांतल्या निवडायचे काम अण्णांनी पहिल्यांदाच माझ्यावर टाकले. मी काय केले? सगळ्यांत पिवळ्याधमक, गुळगुळीत, चकचकीत अशा चार काढल्या. घरी ओटीवर वाजवून पाहिल्या. खाडीवरचा ओला वारा होता, पहिल्या फुंकरीला बोलल्या. मी खूश.

एसटीने पेण, खोपोली, बोरघाट करीत शिरूर गाठले. तिथे मे महिन्यातले ते देशावरचे ऊन, अंगावरचा घाम जागच्या जागी सुकत होता. गोरज मुहूर्त होता. अक्षता वाटल्या गेल्या, भटजींनी अंतरपाट धरला, आणि माझा षड्ज खाली घसरायला लागला. मी ओठ आवळले, फुंकर वाढवली. सूर आणखी कापरा झाला आणि मधूनच नुसती फुस्स हवा. अण्णांनी वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिले नाही, पण डाव्या हाताने सनईला दोऱ्याने लटकवलेली जुनी, ओठांनी काळी पडलेली जिव्हाळी पुढे केली. मी ती बसवली. मंगलाष्टके संपेपर्यंत सूर हलला नाही. मांडवात कोणाला काही कळले नसावे. बिदागी पुरी मिळाली. पण परतीच्या वाटेवर अण्णा खोपोलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

खोपोलीला चहा घेताना म्हणाले, "पोरा, तू जिव्हाळी डोळ्यांनी निवडलीस. ती दिसायची वस्तू आहे का?"

झाले होते असे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत नळ फुगलेला होता, म्हणून दोरा घट्ट वाटत होता. कोरड्या हवेत नळ आकसला, दोरा सैल पडला आणि बुडाशी हवा गळायला लागली. शिवाय माझ्या त्या सुंदर पत्त्या कोवळ्या नळाच्या होत्या. चकाकी वरच्या सालीची, आत दम नव्हता. पुढचा महिनाभर अण्णांनी मला सनईला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी नुसत्या जिव्हाळ्या तपासायच्या.

त्या महिन्यात जे शिकलो ते आता तुमच्यापुढे ठेवतो. रंग पाहायचा, पण पिकलेल्या भाताच्या पेंढ्यासारखा. हिरवट झाक म्हणजे नळ अपुरा पिकलेला, करडे किंवा काळे ठिपके म्हणजे बुरशी. धागे उभे आणि सरळ हवेत, वळलेले नकोत. मग पत्ती दिव्यापुढे धरायची. दोन्ही ओठांची सावली सारखी पडली पाहिजे. एक ओठ जाड आणि एक पातळ असला तर ती जोडी कधी एकमताने हलत नाही. तोंड समोरून पाहिले की मिटत आलेल्या डोळ्यासारखे दिसावे, मध्ये किंचित उघडे आणि कडांना मिटलेले. एका बाजूला फाकलेले असेल तर बाजूला ठेवा. नखाने हलके दाबा. दाबल्यावर जागच्या जागी परत आली तर नळात जीव आहे, खळगा तसाच राहिला तर तो कोवळा आहे. मुळीच दबत नसेल तर तीही फार कामाची नाही, वाजवणाऱ्याचे गाल दुखवील.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यांत आवडते. पत्ती कोमट पाण्यात दोन-चार मिनिटे भिजवा. बुडाच्या नळीवर बोट घट्ट दाबा आणि वरून तोंडाने हवा ओढून घ्या. दोन्ही ओठ चिकटतील. आता तोंडातून काढा. क्षणभर चिकटलेले राहून टप् असा आवाज करून उघडले, तर कुठे गळती नाही. लगेच उघडले तर हवा कुठून तरी शिरते आहे, दोरा सोडून पुन्हा आवळा. शिरूरला जाण्यापूर्वी मी एवढे केले असते तरी पुष्कळ होते.

शेवटी, सनईला न लावता जिव्हाळी नुसतीच वाजवायची. आवाज गोड येत नाही, यायचाही नाही. बदकासारखा येतो. पण त्या बदकाच्या आवाजात वरचा एक आणि खालचा एक असे दोन्ही पदर ऐकू आले पाहिजेत. नुसताच चिरका आला तर पत्ती ताठर आहे, खालचे स्वर देताना अडेल. नुसताच भसाडा आला तर मऊ आहे, वरच्या सप्तकात ओठ मिटून बसतील. अण्णा एकीबद्दल म्हणाले होते, "ही वाजते खरी, पण बोलत नाही." तेव्हा मला हसू आले होते. पुढे कधी तरी स्वतःलाच तो फरक ऐकू आला, आणि तो कसा हे शब्दांत सांगणे मला अजूनही जमलेले नाही.

ताठर पत्ती टाकून द्यायची घाई करू नका. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, दुसऱ्या दिवशी दहा, अशी रुळवा. नवी बैलजोडी आपण एकदम नांगराला जुंपतो का? मऊ पडलेल्या पत्तीचे टोक केसभर कापले तर ती थोडी ताठते आणि सूरही चढतो. पण केसभरच. दोन केस कापले की गेली. तोंड मिटत असेल तर त्यात सुई घालून अलगद उघडायचे असते. जिव्हाळ्यांबरोबर सनईला एक सुई लटकलेली तुम्ही पाहिली असेल, ती शोभेची नव्हे.

आपल्याकडचे खरे संकट म्हणजे पावसाळा. आषाढ-श्रावणात चौलला चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे जिव्हाळीची काय कथा! वाजवून झाली की ती तशीच ओली डबीत कोंबू नये. फडक्याने टिपून, सावलीत तासभर उघडी ठेवून मग डबीत ठेवावी. डबीला दोन भोके असावीत. मी आत भाजलेल्या तांदळाची लहानशी पुरचुंडी ठेवतो, मिठाच्या बरणीत ठेवतात तशी. उन्हात किंवा चुलीजवळ मात्र वाळवू नका, चीर जाते.

गावच्या ओहोळाकाठचा नळ कापून जिव्हाळी करावी, बाहेरून आणण्याचे कारण काय, असे मला कोणी कोणी विचारतात. मी करून पाहिले. पावसात भराभर वाढलेला, पहिल्याच वर्षाचा नळ मी कापला, घाईने वाळवला, आणि चौथ्या दिवशी तो चिरला. दोष नळाचा की माझ्या उतावीळपणाचा, हे दोन वर्षे मुरवून कोणी पाहिल्याशिवाय ठरणार नाही. शाळेच्या आवाराशेजारी ओढा असेल तर एखाद्या गुरुजींनी मुलांकडून हा प्रयोग जरूर करवावा. माघात तोड करायची, पेरे पाडून, वर्ष-महिना लिहून माळ्यावर ठेवायची. बोरूला कत देणारी पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्या हाताला नळाचा पोत ठाऊक आहे, त्यांनाही बोलवावे.

म्हसळा-श्रीवर्धनकडचे खालूबाजातले दोन तरुण अलीकडे माझ्याकडे येऊ लागले आहेत. लग्नात स्पीकर एवढे मोठे की सनई ऐकू जात नाही, मग पत्ती कशाला निवडायची, असे त्यांतला एक म्हणाला. मी त्याला उत्तर दिले नाही. डझनभर जिव्हाळ्या पुढे ठेवल्या आणि फक्त नुसत्या वाजवून दाखव म्हटले. अकरावीला तो थांबला. ती त्याने पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा. जाताना मागून घेऊन गेला.

भोवाळ्याच्या दत्ताच्या जत्रेसाठी मी परवाच नवा डझन उघडला. त्यांतल्या चार ठरल्या. पाचवीचे तोंड जरा उजवीकडे फाकते, पण आवाजात दोन्ही पदर आहेत. ती उशाशी ठेवली आहे. सकाळी वारा खाडीवरचा आहे की डोंगरावरचा, ते पाहून ठरवीन.