पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पहारा

स्थूलपणा ही व्याधि आहे, आळसाची शिक्षा नव्हे, हें वैद्यकशास्त्रानें आतां मान्य केलें आहे. आहार, व्यायाम व औषधें यांनीं न हटणारा आणि मधुमेहासारखे विकार बरोबर आणणारा स्थूलपणा कमी करण्यासाठीं जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया करितात. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं तिची सुरुवात केली. १९९४ मध्यें दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून ती केल्याचें प्रथम प्रसिद्ध झालें.

या शस्त्रक्रियेंत जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी ठेवून ती लहान आंतड्यास जोडतात. उरलेलें जठर पोटांतच राहतें, परंतु अन्न त्यांत जात नाहीं. त्यांतील पाचकरस पुढें अन्नास मिळावा म्हणून खालीं दुसरा सांधा करितात. पुढील बऱ्याचशा संकटांचें मूळ या सांध्यांपाशीं असतें.

शस्त्रक्रिया होते मोठ्या शहरांत. रोगी मात्र परततो आपल्या गांवीं. परभणी जिल्ह्यांतील बोरीचा एखादा गृहस्थ पुण्यामुंबईस जाऊन ती करवून आला, म्हणजे शल्यचिकित्सक दूर राहतो आणि पहारा घरच्या माणसांवर येतो. त्यांनीं कोणत्या खुणा ओळखाव्या?

पहिल्या आठवडा-पंधरवड्यांत मोठें भय सांधा पाझरण्याचें. स्थूल माणसाचें पोट अशा वेळीं कडक होईलच असें नाहीं. विश्रांतींतही नाडी मिनिटास १२० च्या वर धांवूं लागणें, धाप, ताप, डाव्या खांद्यांत कळ, या खुणा पुरेशा आहेत. रुग्णालयांत शिरेवाटे द्रव व प्रतिजैविकें देतात, सांचलेला पू नळीनें काढतात. संशय बळावल्यास, तपासणींत कांहीं न दिसलें तरी, दुर्बीण घालून पाहतात. काळी विष्ठा, रक्ताची उलटी वा घेरी हें रक्तस्रावाचें लक्षण. एक पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं छातींत दुखून श्वास कोंडला, तर रक्ताची गुठळी फुप्फुसाकडे गेल्याचा संशय घ्यावा. यासाठींच रोग्यास लवकर चालावयास लावितात.

कांहीं आठवड्यांनीं सांधा आंखडून घांस उतरेनासा होतो. तोंडावाटे दुर्बीण घालून फुग्यानें तो रुंद करितां येतो. तोंपर्यंत उलट्या चालूच असतात, आणि गांवच्या दवाखान्यांत ग्लुकोजचें सलाईन लावण्याकडे सहज प्रवृत्ति होते. येथें सावधगिरी हवी. सततच्या उलट्यांनीं शरीरांतील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेलें असतें. त्यांत केवळ ग्लुकोज दिल्यास मेंदूस इजा होऊन दृष्टि दुहेरी होते, तोल जातो, भ्रम होतो. म्हणून प्रथम थायमिन टोचावें, मग ग्लुकोज द्यावें. नाकांतून नळी घालण्याचा प्रसंग आला, तर जठर वळविलेलें आहे हें आधीं सांगावें. अंदाजानें घातलेली नळी ताजा सांधा फाडूं शकते.

वर्ष-दोन वर्षांनीं वजन उतरतें आणि सर्वजण निर्धास्त होतात. पण चरबी वितळल्यानें आंतील फटी रुंदावून आंतडें त्यांत अडकतें. जेवणानंतर पिळवटून येणारी कळ पुनःपुन्हा आली, तर साधी क्ष-किरण तपासणी निर्दोष असली तरी थांबूं नये. विलंबानें आंतडें सडतें. बिडी-सिगारेट व दुकानांतून सहज मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांनीं सांध्यावर व्रण पडतो, म्हणून त्या वर्ज्य. लोह, कॅल्शियम, ड व ब-१२ हीं जीवनसत्त्वें मात्र जन्मभर घ्यावयाचीं असतात, आणि त्यांसाठीं ठराविक मुदतीनें रक्तही तपासावयाचें असतें.

एवढें सगळें ऐन वेळीं आठवेल असें नाहीं. म्हणून शस्त्रक्रियेचें नांव, तारीख, सांध्यांची आकृति व शल्यचिकित्सकाचा दूरध्वनि क्रमांक लिहिलेला कागद रोग्यानें खिशांत ठेवावा, आणि त्याची नक्कल गांवच्या डॉक्टरांपाशीं द्यावी. मध्यरात्रीं कळ आली, तर परभणीच्या रुग्णालयांतील अपरिचित डॉक्टरांसही या पोटाची रचना त्या कागदावरून क्षणांत कळेल.