रस्त्यावरचें छायाचित्र : धीर आणि विनोद
(पेडगांव येथें ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मला चार शब्द बोलावयास सांगण्यांत आलें, आणि विषयहि मंडळींनींच सुचविला : "फादर, आपण जाल तेथें कॅमेरा घेऊन जातां, त्याविषयींच कांहीं सांगा." तेव्हां आज प्रवचन नाहीं. एका छंदाविषयीं, आणि त्या छंदापायीं माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं सांगणार आहें.

रस्त्यावरच्या माणसाचें, त्यास मुद्दाम उभें न करतां, सहज स्थितींत छायाचित्र घेणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. स्टुडिओंत माणूस छायाचित्रकाराची वाट पाहतो; रस्त्यावर छायाचित्रकारास माणसाची वाट पाहावी लागते. १९३२ सालीं आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थानें पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनामागें एक चित्र घेतलें. साचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी मारीत आहे, त्याची टाच अद्याप पाण्यास टेकलेली नाहीं, आणि मागच्या जाहिरातींत एक नर्तकाकृतीहि तशीच उडी घेत आहे. पुढच्या क्षणीं त्याचा पाय भिजणार हें आपणांस दिसतें आणि हंसूं येतें. परंतु त्या हंसण्यांत त्याचा अपमान नाहीं. कारण असें पाणी आपणांपैकीं प्रत्येकानें पावसाळ्यांत ओलांडलेलें आहे.

आपल्या देशांत या विद्येसाठीं होमाय व्यारावाला या पारशी बाईंचें नांव आदरानें घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १९१३ सालीं नवसारी येथें झाला, व शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत झालें. आरंभीं त्यांचीं चित्रें पतीच्या नांवानें छापून येत. त्या वापरीत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यांत एका रिळावर बाराच चित्रें निघत. कॅमेरा पोटाशीं धरून, मान खालीं घालून वरच्या कांचेंत पाहावें लागे. त्यामुळें आपणांवर कोणी डोळा रोखला आहे असें समोरच्यास वाटत नसे. बारांपैकीं एकहि वायां घालवावयाचें नाहीं, म्हणजे धीर हा तेथें सद्गुण तर होताच, पण रोजचा हिशेबहि होता. त्यांच्या एका चित्रांत पालम विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची वाट पाहत उभे आहेत, आणि शेजारींच पाटी आहे कीं येथें छायाचित्रें घेण्यास सक्त मनाई आहे! १९७० च्या सुमारास बाईंनीं हा व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांचें बेशिस्त वागणें त्यांस रुचेना. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. विनोद करावा, परंतु मर्यादा सोडूं नये, हा त्यांचा धडा मला मात्र उशीरां कळला.

कांहीं वर्षांपूर्वीं येथेंच, पेडगांवांत, एक आजोबा रस्त्याकडेला कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसले होते. बसल्या जागीं त्यांस डुलकी लागली, आणि एक शेळी निवांतपणें जुड्या खाऊं लागली. मीं शेळीस हाकललें नाहीं, कॅमेरा काढला. नाताळांत तें चित्र पडद्यावर दाखविलें तेव्हां सभागृह हंशानें दणाणून गेलें. शेवटच्या रांगेंतून आजोबा मात्र उठून गेले. दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों. ते एवढेंच म्हणाले, "फादर, नातू तापानं फणफणला व्हता, दोन राती डोळ्याला डोळा न्हाई. शेळीनं खाल्लं त्याचं कायबी न्हाई. तुमी बघत व्हते, ते लागलं."

क्षमा मागण्यावांचून माझ्यापाशीं दुसरें उत्तर नव्हतें. तें चित्र मीं पुन्हां कोणास दाखविलें नाहीं. क्षण टिपण्याचा धीर माझ्यापाशीं होता. त्या माणसाची हकीकत कळेपर्यंत थांबण्याचा धीर नव्हता.

पुढें त्या वाटेनें जातांना मी त्यांच्यापाशीं घटकाभर बसूं लागलों. कॅमेरा पिशवींतच असे. दोन महिने असे गेले. एके सकाळीं तीच शेळी आली, आणि जुड्या सोडून तिनें माझ्या झग्याचा कोपरा तोंडांत धरला. आजोबा इतके हंसले कीं त्यांचा पटका सुटला. "आता काढा फोटू!" ते म्हणाले. मीं काढला. चित्र थोडें हललेलें आहे, कारण छायाचित्रकारास शेळी ओढीत होती. तें या पुस्तिकेंत छापावयास आजोबांनीं आनंदानें परवानगी दिली आहे.

तरुण मित्रांनो, आज प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें कॅमेरा आहे. बारा चित्रांची मर्यादा आतां राहिली नाहीं; म्हणून ती आपली आपणच घालून घेतली पाहिजे. चित्र ज्याचें असेल त्याच्या हातीं प्रथम द्यावें. तो हंसला, तर मग चार जणांस दाखवावें; नाहीं हंसला, तर तें आपणांपाशींच ठेवावें आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसावें.