‘नियम सगळ्यांना सारखाच’, मग अन्याय कसला?

आज एका स्कार्फची गोष्ट सांगते. आधी स्कार्फ, मग कायदा.

साल २००८. अमेरिकेतलं टल्सा शहर. समांथा एलॉफ, वय १७, ‘ॲबरक्रॉम्बी अँड फिच’ या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात इंटरव्ह्यूला गेली. मुस्लिम असल्यामुळे डोक्याला स्कार्फ. असिस्टंट मॅनेजरला ती कामाला योग्य वाटली. पण कंपनीची ‘लुक पॉलिसी’ होती: टोपी चालणार नाही. मग स्कार्फचं काय? तिने वरिष्ठांना विचारलं, ‘ही बहुतेक धर्मामुळे घालते’ असंही सांगितलं. उत्तर आलं, धर्मासाठी असो वा नसो, चालणार नाही. नोकरी मिळाली नाही.

सरकारचा समान रोजगार संधी आयोग तिच्या बाजूने कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं दोन मुद्द्यांचं. एक, तिने सवलत मागितलीच नव्हती. दोन, नियम सगळ्यांना सारखाच आहे.

हा दुसरा मुद्दा आपणही कट्ट्यावर सहज बोलून जातो, नाही का? पण बघा, ‘डोकं झाकायचं नाही’ हा नियम मला काहीच महाग पडत नाही. जिचा धर्म डोकं झाकायला सांगतो, तिच्यापुढे मात्र श्रद्धा की पगार, असा प्रश्न उभा राहतो. कागदावर सारखा, अंगावर वेगळा!

१ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल आयोगाच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी तो लिहिला. सार असं: सवलत द्यावी लागू नये म्हणून नोकरी नाकारली, तर तो भेदभावच. उमेदवार तोंडाने बोलली का, हा मुद्दाच नाही. नुसता सारखा नियम पुरेसा नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा धार्मिक आचरणाला जागा करून द्यायला सांगतो.

मग काहीही मागता येतं? नाही. धंद्यावर फार मोठा बोजा पडत असेल, तर कंपनी नकार देऊ शकते. पण २०२३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की किरकोळ खर्चाचं कारण चालणार नाही. ती केस रविवारी काम न करणाऱ्या एका ख्रिश्चन टपाल कर्मचाऱ्याची होती. तोच निकाल आता शुक्रवारच्या नमाजाची वेळ मागणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

आपल्याकडे? राज्यघटनेचं कलम २५ धर्मपालनाचं स्वातंत्र्य देतं, कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव रोखतं. खासगी कंपनीला बांधणारा अमेरिकेसारखा व्यापक कायदा मात्र नाही. तिथे बरंचसं साहेबाच्या मनावर.

तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत नोकरीला असाल, तर हा कायदा तिथे काम करणाऱ्या परदेशी माणसालाही लागू होतो. कंपनीत १५ किंवा जास्त कर्मचारी हवेत. नमाजाची सुट्टी हवी असेल, तर ईमेलवर मागा. तोंडी मागणी कायद्याला चालते, पण उद्या दाखवायला कागद लागतो.

आणि टीममध्ये कुणी दहा मिनिटं मागितली, तर ‘नियम सारखाच’ म्हणण्याआधी एवढंच विचारा: हा नियम कुणाला महाग पडतोय?

भेटू पुढच्या भागात!