मोरीतून गेलेल्या गोळ्या
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. शाळेत अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले, एवढेच. पण आज सांगणार आहे ते शाळेत शिकवलेले नाही, घरात चूक करून शिकलेले आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत सुनेच्या जुन्या गोळ्या सापडल्या. पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या, मुदत संपलेल्या. नातवंडांच्या हाती लागू नयेत म्हणून मी त्या एकेक सोडवून मोरीत टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतले. सून पाहून म्हणाली, "अहो आई, काय केलंत हे! ते पाणी जातं कुठं?" ती रसायनशास्त्र शिकलेली. मला रागच आला. विज्ञानाच्या बाईला विज्ञान शिकवते! पण रात्री तिने कागदावर हिशेब मांडून दाखवला, तेव्हा मी गप्प बसले.

अशा गोळीत एथिनिल एस्ट्रॅडायॉल नावाचे कृत्रिम स्त्री-संप्रेरक असते. ते १९३८ साली बर्लिनमध्ये प्रथम तयार झाले. गोळीत ते बहुधा ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी किंचित. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून तीन उन्हाळे एका तळ्यात हे द्रव्य लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढेच ठेवले. तेथील लहान माशांच्या नरांत अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि ती जात त्या तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. औषध थांबवल्यावर काही वर्षांनी ती सावरली. आता मोजा: माझ्या एका गोळीने सहा हजार लिटर पाणी तेवढे दूषित होते. आणि मी तर अख्खे पाकीट ओतले होते!

पोटात घेतलेली गोळी निराळी. यकृत संप्रेरकाला साखरेसारखा एक तुकडा जोडून त्याला निष्प्रभ करून बाहेर धाडते. गंमत अशी, की गटारातले जंतू तो तुकडा तोडून खातात आणि संप्रेरक पुन्हा मोकळे!

पण जंतूंना शिव्या देऊ नका. हवा खेळवून जंतूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करण्याची रीत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली. त्यांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत येऊन शिकवीत. या गाळाला पुरेसा वेळ दिला, तर शरीरातली नैसर्गिक संप्रेरके तो बरीचशी फस्त करतो. कृत्रिमाला मात्र कार्बनची एक जादा शेपटी असते. ती त्याला सहज पचत नाही.

येथे लोखंड कामास येते. १८९४ साली फेंटन यांनी दाखवले, की लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की चिवट द्रव्येही मोडतात. मोडणारा असतो हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत तापट कण. समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. अडचण अशी, की पाणी आम्लधर्मी करावे लागते, पेरॉक्साइड विकत आणावे लागते आणि मागे लोखंडी गाळ उरतो. खर्चाची बाब!

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा जंतूंकडे वळले. शेवानेला नावाचा एक जंतू न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा तळ्याच्या गाळात सापडला. हवा नसली, की तो गंजातल्या लोहावर श्वास घेतो आणि त्याचे विरघळणारे फेरस लोह करतो. मग हवा सोडायची. पेरॉक्साइड तेथेच तयार होते, त्या लोहाला भिडते आणि तापट कण जन्मतात. पुन्हा हवा बंद, पुन्हा लोह तयार. तेच लोखंड फिरून फिरून वापरायचे. आपण चिंधी धुऊन पुन्हा वापरतो तसेच की! हा खेळ मुख्यतः प्रयोगशाळेतल्या भांड्यांतला आहे. शहराच्या सांडपाण्याला पुरायला त्याला मोठे व्हावे लागेल.

चहाच्या वेळी एका भगिनीने हळूच विचारले, "मग गोळ्या बंदच कराव्यात का हो?" मुळीच नाही. घ्यायची की नाही, हे ती बाई आणि तिचे डॉक्टर ठरवतील. संप्रेरके आपल्या सगळ्यांच्या अंगातून जातात, पुरुषांच्याही, गोठ्यातल्या गाईच्याही. मासे मेले म्हणून बायकांकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी आपल्या गावच्या सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, ते विचारावे.

उरलेल्या गोळ्यांसाठी आमच्याकडे आता वेगळा डबा आहे. त्यावर सुनेने चिठ्ठी चिकटवली आहे: "आईंनी हात लावू नये."