पादी, बेरास, नासी : तांदळाच्या नांवांचा प्रवास

शेतांत उभी असते ती साळ. कांडून, पाखडून हातीं येतो तो तांदूळ. आणि पानांत वाढला जातो तो भात. दाणा एकच, पण त्याच्या तीन अवस्थांना तीन नांवें! मलायी भाषेंतहि असाच भेद आहे. तेथें उभें पीक ‘पादी’, कांडलेला दाणा ‘बेरास’ आणि शिजलेलें अन्न ‘नासी’. इंग्रजींतील ‘पॅडी’ हा शब्द याच ‘पादी’वरून आला.

फिलिपाइन्समधील तागालोग भाषेंत हींच नांवें ‘पालाय’, ‘बिगास’ व ‘कानिन’ अशीं आहेत. ‘बेरास’ आणि ‘बिगास’ हे शब्द श्रोत्यांनीं पाठोपाठ उच्चारून पाहावे. त्यांतील साम्य योगायोगाचें नव्हे. मलायींतील ‘र’च्या जागीं तागालोगमध्यें ‘ग’ येतो, हें इतरत्रहि दिसतें : अंड्याला मलायींत ‘तेलुर’, तागालोगमध्यें ‘इत्लोग’, शिरेला पहिल्या भाषेंत ‘उरात’, दुसरींत ‘उगात’. असे नियम जुळले म्हणजे भाषा एका कुळाच्या ठरतात. या कुळास ऑस्ट्रोनेशियन म्हणतात; मादागास्करपासून हवाईपर्यंत त्याचा विस्तार आहे. शिजलेल्या भाताचें नांव मात्र ठिकठिकाणीं बदललें. ‘कानिन’ हा शब्द ‘खाणें’ या अर्थाच्या ‘काइन’पासून घडला. जें खावयाचें तें कानिन. अन्न म्हणजे भातच!

या कुळाचें मूळ तैवानांत असावें, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेथील आमिस भाषेंत भातपिकाला ‘पानाय’ म्हणतात. तो ‘पादी’चाच सगोत्र. त्या बेटावर ताइनानजवळच्या उत्खननांत चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे जळके तांदूळहि सांपडले आहेत. तेथून दर्यावर्दी लोक दक्षिणेस निघाले, तेव्हां दाण्याबरोबर त्याचीं नांवेंहि होडींत चढलीं. दूर प्रशांत महासागरांतील मारियाना बेटांवर चामोरो भाषेनें ‘फाइ’ आणि ‘पुगास’ हे शब्द जपले.

त्याहून पूर्वेकडे मात्र कथा पालटते. पॉलिनेशियाच्या बेटांवर पोहोंचलेल्यांनीं अळवाचे कंद, कोनफळें व निरफणस यांवर गुजराण केली. भातशेती सुटली, आणि तिच्यामागोमाग शब्दहि गेले. पुढें एकोणिसाव्या शतकांत तांदूळ हवाईस आला, तो परकें नांव घेऊन. हवाई भाषेंत ‘र’ आणि ‘स’ नाहींत. म्हणून इंग्रजी ‘राइस’चें तेथें ‘लाइकी’ झालें. पूर्वजांच्या होडींत एके काळीं असलेला शब्द वंशजांना दुसऱ्याच्या जहाजांतून उसना घ्यावा लागला.