गोठ्यातली चंदेरी पायांची माशी



डास चावण्याआधी कानाशी गुणगुणतो, म्हणजे निदान पूर्वसूचना तरी देतो. आज ज्या किड्याविषयी बोलायचे आहे, त्याला तेवढेही सौजन्य नाही. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची, फिकट मातकट रंगाची, अंगभर केस असलेली ही माशी रात्री आवाज न करता येते आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातूनही आत शिरते. बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारते. तिचे नाव वाळूमाशी; फवारणीवाले तिला सँडफ्लाय म्हणतात. नावात वाळू आहे ती तिच्या रंगामुळे. तिला शोधायला पंचगंगेच्या पात्रात जायला नको, गोठ्यात जावे. भिंतींच्या भेगा, शेणाच्या ढिगाजवळची ओलसर माती, दमट सावलीचा कोपरा ही तिची घरे. डासाप्रमाणे तिला साचलेले पाणी लागत नाही. तिच्या अळ्या शेणामातीतल्या कुजक्या पदार्थांवर वाढतात.

तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव आहे फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, म्हणजे चंदेरी पायांची. बिहार-बंगालकडे काळा आजार पसरवते ती हीच. आणि ती महाराष्ट्रातही आहे. मग आपल्याकडे काळा आजार का पसरत नाही?

आधी आजाराविषयी थोडे. दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, पाणथरी वाढून फुगलेले पोट, खंगत जाणारा रोगी, आणि उपचार न मिळाल्यास बहुधा मृत्यू. १९०३ साली विल्यम लिशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी या रोगाचा एकपेशीय परोपजीवी स्वतंत्रपणे ओळखला, म्हणून त्याचे नाव लिशमानिया डोनोव्हानी. वाळूमाशीवर संशय १९२०च्या दशकातच गेला होता. माशीच्या पोटात परोपजीवी वाढताना दिसत होता. पण ती माशी चावून रोग होतो हे काही केल्या सिद्ध होईना. प्रयोगशाळेतल्या माश्या दुसऱ्यांदा रक्त पिण्याच्या सुमारास मरून जात. कोडे सुटले ते बेदाण्यांनी! स्मिथ, हलदर आणि अहमद या संशोधकांनी १९४०च्या सुमारास माश्यांना एकदा रक्त दिल्यावर पुढे बेदाण्यांचा रस चोखू दिला. माश्या जगल्या आणि त्यांच्या घशापर्यंत परोपजीवी दाटले. याच युक्तीच्या आधारे स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग करून माशीच्या दंशाने काळा आजार होतो हे दाखवून दिले. आपण तासगावचे बेदाणे खिरीत घालतो. वैद्यकाच्या इतिहासात त्यांच्या जातभाईंनी केवढे काम केले आहे पाहा.

आता माशीच्या पोटात डोकावू. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त हवे. तिच्या लाळेतच काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात. त्यातले अपायरेज नावाचे विकर आपल्या रक्ताला गोठू देत नाही. रक्त पोटात गेले की त्याभोवती कायटिन आणि प्रथिनांची एक पिशवी तयार होते. मग ट्रिप्सिनसारखी पाचक विकरे स्रवतात आणि तीन-चार दिवसांत रक्त पचते. रोग्याच्या रक्ताबरोबर आलेल्या परोपजीवीसाठी हे दिवस कसोटीचे. एक तर या विकरांनी तो स्वतःच पचून जाईल, नाही तर पचलेल्या रक्ताबरोबर बाहेर फेकला जाईल. तगायचे तर त्याला पिशवीतून निसटून आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटावे लागते. पिशवी फोडायला त्याच्याकडेही हत्यार आहे: कायटिन विरघळवणारे कायटिनेज. विकराला विकराने उत्तर!

चिकटण्याची गोष्ट आणखी मजेची आहे. परोपजीवीच्या अंगावर शर्करेच्या साखळ्यांचे आवरण असते. ते कुलपातल्या किल्लीसारखे माशीच्या आतड्यात बसावे लागते. फ्लेबोटोमस पापाटासी या दुसऱ्या जातीच्या आतड्यात लिशमानियाच्या एकाच प्रकाराला धरून ठेवणारे प्रथिन असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. ते प्रथिन कसे असावे हे माशीचे जनुक ठरवते. म्हणून पापाटासी त्वचेचे व्रण करणारा लिशमानिया मेजर वाहते; काळ्या आजाराचा परोपजीवी तिच्याकडे टिकत नाही. पापाटासी हे नाव इटालियन आहे, अर्थ साधारण ‘गुपचूप जेवणारी’. नाव ठेवणाराला दाद द्यावी लागेल.

अर्जेंटिपिसला मात्र डोनोव्हानीची किल्ली लागते. आपल्याकडची अर्जेंटिपिस आणि बिहारची अर्जेंटिपिस अगदी एकच, असे म्हणण्यातही जपून राहायला हवे. के. इलँगो यांनी २०१०च्या अभ्यासात दाखवले की एकच समजली जाणारी ही माशी हा किमान तीन जातींचा समूह आहे. मिशांवरच्या सूक्ष्म केसांच्या लांबीतही त्यांच्यात फरक आढळतो. शिवाय या माशीला माणसापेक्षा गाईगुरे जास्त पसंत पडतात. तरी माझ्या मते सर्वांत मोठे कारण साधे आहे. भारतात हा परोपजीवी मुख्यतः माणसांतच फिरतो, आणि माशीने उचलावा एवढे रोगी इथे नाहीत. माशी रिकाम्या हाताने फिरते आहे. सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला, केरळच्या अगस्त्यमलाई भागातल्या आदिवासी वस्त्यांत, याच परोपजीवीमुळे त्वचेचा लिशमानियासिस आढळला आहे. तेव्हा आपण सुरक्षित आहोत याचे श्रेय डोंगरदऱ्यांना देण्यात अर्थ नाही.

माशी रिकामी असते असे मी म्हणालो, ते काळ्या आजारापुरते. चांदीपुरा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्या गावी आलेल्या तापाच्या साथीत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला हा विषाणू सापडला. पुढे धांडा आणि सहकाऱ्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वाळूमाश्यांतून तो वेगळा काढला. तो शोधनिबंध १९७०चा. २००३ मध्ये आंध्रात त्याने ३२९ मुलांना गाठले, त्यातली १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. मुलाला सकाळी ताप, मग झटके, आणि दोन दिवसांच्या आत सारे संपते. त्यावर लस नाही, खास औषध नाही. उरते ती माशी मारणे.

आणि इथे पुन्हा विकरे आणि जनुके आडवी येतात. मलेरियासाठी डीडीटी फवारले गेले तेव्हा काळा आजारही जवळजवळ नाहीसा झाला. फवारणी सैल पडली आणि १९७७च्या सुमारास बिहारमध्ये तो उसळून आला. पुन्हा डीडीटी मारले, पण वर्षानुवर्षांच्या फवारणीत औषध पचवणाऱ्या माश्या मागे उरल्या होत्या. त्यांचे मार्ग दोन. काही माश्यांत ग्लुटाथिओन ट्रान्सफरेजसारखी विकरे जास्त असतात. ती डीडीटीचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतात. काहींत मज्जातंतूंच्या सोडियम वाहिनीच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झालेला असतो, आणि डीडीटीला तिथे नीट पकडच मिळत नाही. २०१५ नंतर बिहारमध्ये डीडीटीऐवजी सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले, पण तेही त्याच वाहिनीवर काम करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे बदल असलेल्या माश्या पायरेथ्रॉइडही काही प्रमाणात सोसतात असे आढळले. औषध बदलले म्हणून निश्चिंत होणे मला तरी घाईचे वाटते.

इचलकरंजीच्या मागांवर, शिरोलीच्या फाउंड्रीत उत्तरेकडून कितीतरी कामगार येतात. त्यांच्यापैकी कुणाचा ताप दोन आठवड्यांहून अधिक राहिला आणि पाणथरी हाताला लागत असेल, तर मलेरिया, टायफॉइडबरोबर डॉक्टरांनी काळ्या आजाराचाही विचार करावा. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या चाचणीने काही मिनिटांत अंदाज येतो आणि वेळेत औषध मिळाले तर रोगी बरा होतो. यात त्या कामगारांकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही. निदान चुकले तर जीव त्यांचाच जातो.

गोठ्याचे म्हणाल, तर भेगा लिंपणे, शेण रोज उचलून उकिरडा घरापासून लांब नेणे आणि लहान मुलांना गोठ्यालगत न झोपवणे, एवढे तर बिनखर्चात जमते. उरलेले काम आरोग्य खात्याचे. पहाटे गोठ्याच्या भिंतीवर बसलेल्या माश्या काचेच्या नळीत ओढून घ्यायच्या, औषध लावलेल्या कागदावर तासभर ठेवायच्या आणि २४ तासांनी किती मेल्या ते मोजायचे. फवारणीचे औषध ठरवण्याआधी ही मोजणी आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांतही व्हावी.