कचेरी जाते तिकडे गाव

१९८२ साली गडचिरोली जिल्ह्याचे ठिकाण झाले. कचेऱ्या आल्या नि गाव पसरू लागले. हे मर्म एका तरुण वास्तुशिल्पकाराने आधीच हेरले होते. चार्ल्स कोरिया यांनी १९५८ साली मुंबईत व्यवसाय थाटला. सुरुवातीचे मोठे काम साबरमतीचे गांधी संग्रहालय: विटांचे खांब, वर कवेलू, काचेऐवजी लाकडी झडपा. चांद्याच्या गवंड्यालाही परके वाटू नये असे! पुढे १९६५ साली प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी मांडले, की मुंबई उत्तरेकडे ताणू नका. खाडीपलीकडे कामधंदा न्या, माणसे मागोमाग येतील. १९७० साली सिडको निघाली, नवी मुंबई वसली. मंत्रालय मात्र तिकडे गेलेच नाही. मग तिथला चाकरमानी रोज पुलावरून मुंबईकडेच धावणार, नाही तर काय?